माझ्या पाठीमागचा तांडेल

जमिनीवर हा माणूस तोंड मिटत नसे आणि पाण्यावर उघडत नसे. उत्तरेला जाताना गाडीत चार तास बडबड, पोचल्यावर टपावरची होडी सोडताना बडबड, पिंपात डबे भरताना बडबड. होडी काठापासून सुटली की मात्र एकच शब्द. "बदला." म्हणजे उजवीकडचं वल्हं डावीकडे घ्या. दर दहा-बारा फटक्यांनी तो शब्द माझ्या पाठीमागून यायचा आणि मी बाजू बदलायची. कनू नावाची ही इथली होडी दोन माणसांची. दोघांची तोंडं पुढेच असतात. पुढच्याने जोर लावायचा, मागच्याने दिशा धरायची. बारा वर्षं मी पुढे बसले. म्हणजे बारा वर्षं त्यांच्याकडे पाठ करून बसले.

इथे कॅनडात, व्हिटबीच्या मराठी लोकांत त्यांना साहेब म्हणत. वीज केंद्रात मोठे इंजिनिअर होते, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले. मी त्यांना तांडेल म्हणायला लागले. आमच्या कोकणात होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या असतो तो तांडेल. मी थट्टेनेच म्हणाले होते, कारण हे मूळचे यवतमाळकडचे, समुद्र पाहिला तो विमानातून. त्यांना नाव इतकं आवडलं की पुढे फोनवरसुद्धा "तांडेल बोलतोय" म्हणायचे. पोहायला विहिरीत शिकले होते. म्हणायचे, विहिरीत शिकलेला माणूस गोल गोल पोहतो, सरळ पोहायला मी या देशात शिकलो.

ओळख झाली ती मंडळाच्या पिकनिकला. माझा मुलगा संतोष आणि सूनबाई भाड्याची होडी घेऊन तळ्यात गेले होते आणि एकाच जागी चकरा मारत होते. काठावर सगळे हसत होते. मला ते बघवेना. त्यांना काठाशी बोलावलं, सुनेला उतरवलं, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि होडी सरळ पलीकडे नेऊन परत आणली. हे गृहस्थ काठावर उभे होते. कुठे शिकलात, म्हणाले. मी सांगितलं, माझे वडील खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. माझी चौथी झाली आणि पाचवीची शाळा पलीकडच्या काठाला. रोज सकाळी गावची पोरं मी होडीतून पलीकडे सोडायची आणि रिकामी होडी घेऊन परत यायची. दुसऱ्या कोणी अरेरे केलं असतं. यांनी विचारलं, "मे महिन्यात पाच दिवस उत्तरेच्या जंगलात येता का? पुढं बसाल?"

मी म्हटलं, मागे बसेन. दिशा मला धरता येते.

"मागं बसायचं तर होडी स्वतःची लागते जी," ते म्हणाले.

त्यांची होडी होती, म्हणून मी पुढे बसले.

तेव्हापासून वर्षातून दोनदा जायचं ठरलं. मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबरात पानं रंगली की एकदा. जूनमध्ये ते कोणालाच नेत नसत, कारण काळ्या माश्या कानामागचं मांस तोडतात. मंडळातल्या दोन बायकांनी माझ्या सुनेला विचारलं की सासूबाई परक्या पुरुषाबरोबर जंगलात काय करतात. मी त्यांना फोन करून सांगितलं, खांद्यावर सामानाचं वीस किलोचं पिंप घेऊन दीड किलोमीटर चिखल तुडवते. तंबू वेगळे आहेत आणि संध्याकाळी सातला माझे गुडघे मला हाका मारत असतात. तुम्हीही या. त्या आल्या नाहीत, पण परत विचारलंही नाही.

हे चिखल तुडवणं म्हणजे पोर्टेज. उत्तरेला तळ्यांमागे तळी आहेत, पण एकाचं पाणी दुसऱ्याला जिथे मिळत नाही तिथे होडी डोक्यावर घेऊन जंगलातल्या वाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालावं लागतं. वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी असते, तिच्यावर किती मीटर ते लिहिलेलं. तांडेल होडी पालथी करून खांद्यावर घ्यायचे. होडी हलकी होती, अठरा किलोची, पण माणूस सत्तरीचा होता. "इतका वेळ आपण हिच्यात बसलो, आता हिने आपल्यावर बसायचं," हे वाक्य ते प्रत्येक पोर्टेजला म्हणायचे. एका सफरीत नऊ पोर्टेज. बारा वर्षांच्या तेवीस सफरी. हिशोब ज्याने त्याने करावा. मला एकदाही हसू आलं नाही आणि आता ते वाक्य कोणी म्हणत नाही.

रोज सकाळी ते दाढी करायचे. जंगलात, तळ्याच्या काठी, पेल्यात गरम पाणी घेऊन, आरसा नाही, बोटांनी चाचपून. दुसऱ्या होड्यांतून बरोबर आलेले जवान मुलगे पाच दिवस दाढी वाढवून फोटो काढायचे. हे गुळगुळीत. मी विचारलं, इथे कोण बघतंय? तर म्हणाले, "अस्वल भेटलं तर? पहिली भेट आहे, नीट दिसायला पाहिजे." अस्वल एकदा खरंच भेटलं. पलीकडच्या काठावर होतं. यांनी वल्हं आडवं मांडीवर ठेवलं, आम्ही गप्प बसून राहिलो, ते पाणी पिऊन गेलं. काठाला लागेपर्यंत तांडेल एक अक्षर बोलले नाहीत. काठाला लागल्यावर दोन तास बोलले.

त्यांची बायको मी त्यांना भेटायच्या आधीच गेली होती. ती कधी होडीत बसली नाही. तिच्याबद्दल एवढंच सांगायचे की तिला पाणी म्हणजे नळाचं. घरी भिंतीवर तिचा फोटो होता आणि खाली बेसमेंटमध्ये वल्ह्यांची रांग. थंडीभर ते ती वल्ही घासायचे, तेल पाजायचे. मी बर्फातून चालत त्यांच्याकडे जायची, थालीपीठ न्यायची. ते वल्हं घासत बोलायचे, मी ऐकत बसायची. आमच्या घरी नातवंडं इंग्रजीत बोलतात, मुलगा थकून येतो, सून फोनवर असते. त्या बेसमेंटमध्ये मला पूर्ण वाक्यं ऐकायला मिळायची.

मुक्काम सोडताना त्यांची एक पद्धत होती. तंबू काढले, सामान होडीत ठेवलं, सगळे निघायला तयार झाले की हे पुन्हा चुलीशी जायचे आणि तिथे वाळलेली लाकडं रचून ठेवायचे. बारीक काटक्या वेगळ्या, जाड वेगळ्या, वर सालीचा आडोसा, म्हणजे पावसात भिजू नयेत. आमच्यानंतर कोण येणार हे माहीत नाही. येईल तो भिजून येईल, म्हणायचे, त्याला आग मिळू दे. पहिल्या वर्षी मी म्हटलं, त्या माणसाला कळणार कसं की कोणी ठेवली? ते म्हणाले, "कळायला काहून पाहिजे?" मी त्या दिवसापासून काटक्या गोळा करायला लागले. देवळात जाऊन जे मला कधी वाटलं नाही ते त्या काटक्या रचताना वाटायचं, एवढंच लिहिते.

ते चिडकेही होते. कोणी वल्ह्याने दगडाला रेटलं की त्यांचा चेहरा पडायचा. पाऊस लागला म्हणून कोणी परत फिरायचं नाव काढलं की पुढच्या वर्षी त्याला बोलावणं नसे. माझ्या पिठल्यात त्यांना कायम मीठ कमी लागायचं आणि मी कायम तेवढंच घालायची. एकदा तीन दिवस वारा समोरून होता. मी दमून वल्हं आत घेतलं आणि म्हटलं, आता तुम्हीच न्या. त्यांनी अर्धा तास एकट्याने नेली. मग मीच लाजून वल्हं पाण्यात टाकलं. लगेच मागून आलं, "बदला." जणू मधला अर्धा तास झालाच नव्हता.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

अकराव्या वर्षीच्या सप्टेंबरात मला पहिल्यांदा काहीतरी लागलं. लागलं म्हणजे पाठीला लागलं. होडी सरळ जाईना. मागचा माणूस प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं जरासं वळवतो, त्याने होडी सरळ राहते. ते वळवणं कधी व्हायचं, कधी नाही. "बदला" तीन फटक्यांवर यायचं, मग पंचवीस फटके यायचंच नाही. मला वाटलं खांदा दुखत असेल. मग एका दुपारी ते पाण्यावर बोलायला लागले. यवतमाळच्या कुठल्या मास्तरांबद्दल, सायकलबद्दल. अकरा वर्षांत हा माणूस पाण्यावर बोलला नव्हता. मला ते आवडायला हवं होतं. मला भीती वाटली.

पुढच्या मे महिन्यात आम्ही चौघंच गेलो. ब्रॅम्पटनहून नितीन आणि प्राची नावाचं नवराबायकोचं जोडपं आलं होतं, दोघं तरुण, दुसऱ्या होडीत. पहिल्या सकाळी तांडेल दाढी करून आले तर डावा गाल झालेला, उजवा तसाच. प्राचीला ती नवी फॅशन वाटली असावी. कोणाच्या तोंडावर काय ते बोलायची माझी खोड सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी माझं तोंड उघडेना.

तिसऱ्या दिवशी अकराशे मीटरचं पोर्टेज होतं. नितीन-प्राची पुढे निघून गेले, त्यांचे पाय ते. तांडेल होडी घेऊन त्यांच्या मागे आणि मी पिंप घेऊन सगळ्यांच्या मागे. पालथ्या होडीखाली माणसाला समोरचं दिसत नाही, फक्त स्वतःचे बूट आणि पुढची दोन पावलं जमीन. दम लागला की होडीचं टोक एखाद्या झाडाच्या बेचक्यात टेकवायचं, खालून बाहेर यायचं, श्वास घ्यायचा, परत खाली शिरायचं. मी निम्म्या वाटेवर आले असेन. समोरून होडी चालत येताना दिसली. खाली त्यांचे बूट. मी म्हटलं, काय राहिलं मागे? आतून आवाज आला, "काही नाही. चला, आलंच तळं." होडी माझ्याशेजारून मी आले होते त्या बाजूला गेली. त्यांनी कुठेतरी विसावा घेतला होता आणि पुन्हा होडी उचलताना तोंड उलटं केलं होतं.

मी तिथेच थांबवायला हवं होतं. मी पिंप घेऊन त्यांच्या मागे मागे चालले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मला वाटलं पाणी दिसलं की त्यांना कळेल, मी सांगण्यापेक्षा ते बरं. पाणी दिसलं. त्यांनी होडी उतरवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "बघा शेवंताबाई, याचं पाणी कसं वेगळं आहे." ज्या तळ्यातून आम्ही तासाभरापूर्वी बाहेर पडलो होतो तेच ते तळं.

मी होडीत बसले. आम्ही वल्हवत निघालो. एक खडकाचं टोक वळल्यावर आमचाच कालचा मुक्काम समोर आला. चुलीशेजारी आम्ही सकाळी रचलेली लाकडं, वर सालीचा आडोसा. मागचं वल्हं थांबलं. माझंही थांबलं. होडी आपोआप थोडी पुढे गेली आणि उभी राहिली.

"हे आपलंच तळं आहे का?" ते म्हणाले.

"हो."

वल्ह्यावरून पाणी गळत होतं तेवढाच आवाज.

"मीनलला सांगू नका."

मीनल म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. लंडनला डॉक्टर आहे, इथल्या ओंटारिओतल्या लंडनला. मी मागे वळून बघितलं नाही. होडीत पुढच्याने वळायचं नसतं, तोल जातो. पण वळले नाही याचं कारण ते नव्हतं.

काठाला परत आल्यावर मी म्हटलं, आता मी मागे बसते. ते पुढे जाऊन बसले. होडी कोणाची हे दोघांपैकी कोणी काढलं नाही. पोर्टेजला मी पुढे चालले आणि दर शंभर पावलांवर हाक मारत राहिले. नितीन-प्राची पलीकडे चिवडा खात बसले होते, इतका उशीर का म्हणाले. मी सांगितलं, माझा गुडघा. उरलेले दोन दिवस मी दिशा धरली. बारा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची पाठ दिसली. शर्ट खांद्यावरून मोकळा लोंबत होता. नकाशाची दोरी मानेवर होती आणि दर थोड्या वेळाने ते नकाशा उचलून डोळ्यांसमोर धरत होते. पूर्वी तो नकाशा फक्त गळ्यात असायचा.

"बदला" मी म्हणत होते.

घरी आल्यावर मी पंधरा दिवस काही केलं नाही. भांडी घासली, नातवंडांना बसपर्यंत सोडलं. सप्टेंबरची सफर ठरलेली होती. चार होड्या, त्यात दोन कुटुंबं मुलांना घेऊन येणार होती. सगळे तांडेलच्या मागे येणार होते, कारण तांडेलला वाट माहीत आहे. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि सरळ म्हटलं, मुलीला तुम्ही स्वतः सांगा. रविवारपर्यंत नाही सांगितलंत तर मी सांगेन.

ते हसले. चहा टाकला. म्हातारपणी माणूस एखादी वाट चुकतो, म्हणाले, तरुण माणूसही चुकतो. मी म्हटलं, तरुण माणसाला तळं ओळखू येतं. त्यावर त्यांचा आवाज बदलला.

"तुम्ही चौथी शिकलेल्या," ते म्हणाले. "डॉक्टरकी काहून करून राहिल्या?"

बारा वर्षांत त्यांनी मला कधी चौथी ऐकवली नव्हती. मी चहा न पिता उठले. रविवारी त्यांनी सांगितलं नाही. सोमवारी मी मीनलला फोन केला. तो राग माझ्या फोनमध्ये होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. थोडा असेल. पण राग नसता तरी फोन केला असता. चार होड्यांत लहान मुलं बसणार होती.

मीनल लहानपणापासून इथली, तिचं मराठी अर्धं. "काकू, आर यू शुअर?" तिने विचारलं. मी तिला पोर्टेजचं सगळं सांगितलं. मग म्हणाली की मागच्या महिन्यात बाबांनी तिला एकाच दिवशी तीनदा फोन केला होता, तिन्ही वेळा हॅपी बर्थडे म्हणायला, आणि तिला वाटलं लाडाने करतात. डॉक्टर असून तिला कळलं नाही. मी म्हटलं, तू त्यांच्यापुढे बसली नव्हतीस.

मग व्हायचं ते झालं. तपासण्या झाल्या. गाडीचं लायसन गेलं. सप्टेंबरची सफर झाली नाही. घर विकायला काढलं. होडी नितीन घेऊन गेला, त्याच्या कॉन्डोत जागा नाही म्हणून कुठल्या मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवली. ऑक्टोबरात मीनल त्यांना लंडनला न्यायला आली. तिच्या घराजवळच एका वृद्धांच्या निवासात खोली घेतली होती. मी दशम्यांचा डबा घेऊन गेले. ते गाडीत बसलेले होते, कोट घालून, बटणं नीट लावलेली. मी डबा खिडकीतून पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर पोरीने ऐकलं नसतं," ते म्हणाले. "तुमचं ऐकलं."

मीनलने डबा माझ्या हातातून घेतला आणि मागच्या सीटवर ठेवला. गाडी गेली. ते खोटं काही बोलले नव्हते.

त्या थंडीत मी गेले नाही. त्यांनी बोलावलं नाही आणि मला हिंमत झाली नाही. मे महिन्यात मीनलचा फोन आला. बाबा रोज सकाळी बूट घालून दाराशी उभे राहतात. दाराला कुलूप असतं. मग ओरडतात, एका नर्सचा हात पिरगळला, औषध देऊन झोपवावं लागतं. एकच विचारतात, बर्फ फुटलं का. तिला समजत नव्हतं ते काय विचारतात. मला समजलं. उत्तरेची तळी थंडीभर गोठलेली असतात. वसंतात एक दिवस बर्फ फुटतं आणि वाऱ्याने विरून जातं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही होडी टाकता येते. दर एप्रिलात तांडेल तिथल्या होडीवाल्याला रोज फोन करून हेच विचारायचे. फुटलं म्हटलं की आठ दिवसांत आम्ही पाण्यावर.

संतोष मला रविवारी घेऊन गेला. तीन तासांचा रस्ता. खोली स्वच्छ होती. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायात बूट, दाढी कोणीतरी करून दिलेली, दोन्ही गाल सारखे. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आल्या का शेवंताबाई." ओळखलं. राग विसरले होते की सोडला होता, हे मला कळलं नाही. विसरले असतील तर त्यात मला समाधान नाही.

मग त्यांनी विचारलं, "बर्फ फुटलं का?"

मे महिना संपत आला होता. खिडकीबाहेर गवत कापत होते, झाडांना पुरती पानं आली होती, बाकावर एक नर्स अर्ध्या बाह्यांत ऊन खात बसली होती. मी आयुष्यात खोटं कमी बोलले आहे, त्यापायी माणसं तोडली आहेत.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही. यंदा थंडी फार लांबली."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि माझं ऐकलं.

"मग थांबू," ते म्हणाले आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. बोटांना गाठ सुटेना. मी खाली बसून सोडली.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी संतोष मला न्यायचा. मधल्या दिवसांत ते विचारायचे तेव्हा नर्स म्हणायची, शेवंता विल टेल यू, आणि ते गप्प बसायचे. मी गेले की विचारायचे. जून झाला, जुलै झाला, खोलीत पंखा लावलेला, मी घामाने भिजलेली, आणि मी सांगायची की कडेचं सुटलंय, मधलं अजून घट्ट आहे. की परवा परत हिमवर्षाव झाला. एकदा म्हणाले, असं वर्ष मी पाहिलं नाही. मी म्हटलं, मीही नाही. सहा वेळा गेले, सहा वेळा तेच सांगितलं. त्यांनी परत कोणाचा हात पिरगळला नाही.

ऑगस्टच्या शेवटी न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत गेले. अंत्यविधीला उन्हाने डोकं तापलं होतं. मंडळाचे लोक आले होते, नितीन-प्राची आले होते. सगळं झाल्यावर मीनल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, काकू, तुम्ही येऊन गेलात की बाबा किती शांत असायचे. मी मुलगी असून मला ते जमलं नाही. तुम्ही दोघं बसून काय बोलायचात?

"हवापाण्याचं," मी म्हटलं.

ती वाट बघत राहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. त्यांचं एक मी तिला सांगून बसले होते. दुसरं सांगणार नव्हते.